लाकडाची खोली

पूर्णा गावातल्या नामा भोईरांच्या घरात सगळ्यात चांगली खोली लाकडाची होती. लाकडाने बांधलेली नव्हे, लाकूड जिथे राहायचं ती. पूर्वेला एक खिडकी, पश्चिमेला एक, दोन्ही चांगल्या ऐसपैस, आणि मधून वारा असा वाहायचा की वैशाखातसुद्धा पंखा लावायची गरज पडू नये. माणसं मात्र मागे राहायची. मागे गोदामं आली तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या भिंती घराच्या मागच्या भागाला तिन्ही अंगांनी इतक्या खेटून आल्या, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पत्र्याला टेकत असे. दुपारी तो पत्रा तापायचा आणि गॅस बंद असला तरी स्वयंपाकघर आपलं शिजत राहायचं. त्याच्या शेजारची खोली विशाल आणि रीमाची. तिला खिडकी होती, पण ती उघडून उपयोग नव्हता, म्हणून तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं.

रीमा ही विशालची बायको, नामा भोईरांची एकुलती एक सून. माहेर पडघ्याचं, अगदी रस्त्यावरचं. लहानपणापासून तिला खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायची सवय. अशा मुलीने या घराला होकार कसा दिला, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर त्या लाकडातच होतं.

सोयरीक जमवायला रीमाचे वडील आले तेव्हा नामाने त्यांना चहासुद्धा विचारला नाही, आधी हाताला धरून पडवीत नेलं. तिथे सागाचे ओंडके रचून ठेवले होते, जोडीला थोडे ऐनाचे. शेतं गोदामांना गेली, पण बांधावरची झाडं नामाने दिली नव्हती. स्वतः उभा राहून तोडून घेतली होती. पाहुणे म्हणाले, घर जरा अडचणीचं वाटतं. त्यावर नामा ओंडक्यांवर हात ठेवून म्हणाला, "घर ह्या काय, हिथं हाय. तुमची पोर सागाच्या दारातनं आत येल." घरापुढे मोकळी जागा होती, लाकूड डोळ्यांसमोर होतं, आणि सांगणारा माणूस खोटं बोलणारा नव्हता. पाहुण्यांना आणखी काय पाहिजे होतं? एखाद-दोन वर्षांत घर उभं राहील असं ठरलं आणि लग्न झालं.

त्यानंतर पाच पावसाळे गेले.

नामा खोटं बोलला नव्हता, हीच तर सगळी पंचाईत होती. खोटारड्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस रोज पहाटे उठून त्या लाकडाची सेवा करत होता. ओली लाकडं वापरून घाईघाईत बांधलेलं घर कसं होतं हे त्याने जन्मभर भोगलं होतं. त्याच्या बापाने या घराचं दार ओल्या लाकडाचं केलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात ते फुगून चौकटीत असं अडकायचं की खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. आपण घर बांधू ते पुरत्या वाळलेल्या लाकडाचंच, अशी त्याने शपथ घेतली होती. आणि लाकूड पुरतं वाळलं असं त्याला कधीच वाटत नव्हतं. ओंडके वाळेनात म्हणून शेवटी गेल्या उन्हाळ्यात ते मिलमध्ये नेऊन फाडून आणले. फळ्या आणि चौकटींचे दांडे घरी आले तसं त्यांना पडवी पुरेना, आणि पुढची खोली, जिच्यात रीमा आणि विशाल झोपत होते, ती रिकामी करून घेण्यात आली. लाकडाला वारा पाहिजे, नामा म्हणाला. माणसांना नको का, हे विचारायचं रीमाच्या ओठांवर आलं होतं. पण विशाल तोवर गादी गुंडाळायला लागला होता.

लाकूड ठेवण्याची नामाची पद्धत मात्र बघण्यासारखी होती, हे कबूल केलं पाहिजे. जमिनीवर आधी सिमेंटचे ठोकळे, त्यांना वाळवी चढू नये म्हणून जळकं ऑइल फासलेलं. ठोकळ्यांवर फळ्यांचा एक थर, मग त्यावर आडव्या बोटभर जाडीच्या पट्ट्या, मग पुन्हा फळ्या. पट्ट्या सगळ्या एकसारख्या आणि बरोबर एकीवर एक; एक जरी सरकली तर फळी तिथे पोक काढते. भिंतीला कुठेच स्पर्श नाही, चहूबाजूंनी माणूस फिरेल एवढी वाट. फळ्यांची टोकं पटकन सुकून फाटतात म्हणून त्यांना रंग दिलेला. वर दगडांचं वजन. थेट ऊन पडू द्यायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही आणि वारा अडवायचा नाही. सकाळी खिडक्या उघडायच्या, पावसाची झड आली की वाऱ्याकडची लावायची, झड गेली की पुन्हा उघडायची. दिवसातून किती वेळा, ते पावसाच्या मर्जीवर.

रीमाला त्या लाकडाचा राग यायचा. उघड राग, सवतीचा यावा तसा. कधी कधी दुपारी घरात कोणी नसताना ती त्या खोलीत जायची आणि थप्पीच्या कडेला त्या अरुंद वाटेत वाऱ्याला बसायची. बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की आणखी राग यायचा.

विशाल मानकोलीला एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. स्वभावाने गोड माणूस. कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचा नाही आणि कुठलीही गोष्ट करायचा नाही. अंजूरफाट्याला एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर त्याच्या मित्राची एक खोली भाड्याने मिळण्यासारखी होती. रीमा ती बघून आली होती. तिच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, पलीकडचा डोंगर दिसायचा. पण घर होणार आहे, लाकूड तयार होतंय, आत्ता बाहेर पडलो तर बाबांच्या मनाला काय वाटेल, असं विशालचं ठरलेलं बोलणं. एकदा मात्र तो हसत हसत म्हणून गेला होता, "हे लाकूड उद्या नसलं ना रीमा, तर परवा आपण अंजूरफाट्याला." तो बोलून विसरला. रीमाने ते वाक्य जपून ठेवलं.

यंदा जून संपता संपता नामाचं आंतर उतरलं, हर्निया झाला. ऐनाचा एक दांडा एकट्याने उचलायला गेला होता. त्याची मुलगी, विशालची ताई, कळव्याला राहायची. तिच्या घराजवळच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि गणपतीपर्यंत तिथेच राहायचं असं ताईने बजावलं. रीमाची सासू गुणाबाईही त्याच्या सोबतीला गेली. जाताना नामाने रीमाला पुढच्या खोलीत नेलं. पोटाला एक हात लावून, कण्हत कण्हत, त्याने तिला सगळं दाखवलं: कुठली खिडकी कधी, पट्ट्या कशा तपासायच्या, वाळवीची माती दिसली तर काय करायचं. शेवटी म्हणाला, फळीला नाक लावून वास घेत जा. गोड आला तर ठीक, आंबूस आला तर वारा कमी पडतोय. ती मान हलवत होती आणि मनात हिशेब करत होती की आता गणपतीपर्यंत आपल्याला नाक्यापर्यंतसुद्धा जाता येणार नाही. कारण पाऊस काही सांगून येत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिला काम मिळालं. विशालच्याच गोदामात परत आलेला माल तपासायला बायका घेत होत्या. दिवसाची शिफ्ट, नाक्यावरून बस. रीमाने लग्नाआधी पडघ्याच्या एका दुकानात काम केलं होतं. तिथल्या सुपरवायझर बाईने दोन प्रश्न विचारले आणि सोमवारपासून ये म्हणाली. रीमा घरी आली ती हवेतच. आणि दार खांद्याने ढकलून आत आली तर समोर थप्पी.

खिडक्या उघड्या ठेवून गेलं तर झडीचं पाणी आत. बंद ठेवून गेलं तर कोंदट. ती रात्रभर जागी होती. सकाळी विशालला सांगितलं तर तो म्हणाला, एवढंच ना, रॅप मारू.

आता यात विशालची काही चूक नव्हती, असं म्हणावं लागेल. पूर्णा-मानकोलीच्या पट्ट्यात निम्मं गाव गोदामात कामाला, आणि गोदामात एकच धर्म: वस्तू कुठलीही असो, तिला पारदर्शक प्लास्टिकचे वेढे मारले की ती जशी आत गेली तशीच बाहेर येते. साबण असो, टीव्ही असो, बिस्किटं असोत. तिथल्या माणसाला प्लास्टिकवर जेवढा भरवसा असतो तेवढा सख्ख्या भावावर नसतो. रीमालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पाणी बाहेरून येतं, ते बाहेरच राहील, झालं.

रविवारी विशालने उरलेसुरले रोल आणले. दोघांनी मिळून थप्पीला वेढे मारले. तो एका बाजूने रोल घेऊन पळायचा, ती दुसऱ्या बाजूने. अरुंद वाटेत दोघं एकमेकांवर आपटायची आणि हसायची. खालून, वरून, कोपऱ्यांतून, कुठेही फट म्हणून ठेवली नाही. काम झाल्यावर थप्पी चकाचक दिसायला लागली, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी. विशालने त्यावर थाप मारली आणि म्हणाला, आता पूर आला तरी बेहत्तर. रीमाने दोन्ही खिडक्या लावल्या आणि कडी घातली.

सोमवारी ती बसमध्ये खिडकीची जागा पकडून बसली.

ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. काम फार मोठं नव्हतं. लोकांनी परत पाठवलेले बूट, मिक्सर, साड्या उघडायच्या, बघायच्या, कशासाठी परत आलं ते लिहायचं. चित्रात दाखवलं तसं नाही. सांगितलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. लोक असं लिहून वस्तू परत पाठवू शकतात आणि त्या खरंच परत घेतल्या जातात, याचं रीमाला फार नवल वाटायचं. ती शेजारच्या बाईला हे म्हणाली तेव्हा ती बाई हसत सुटली. दुपारी सगळ्या जणी माल उतरवायच्या धक्क्यावर पाय सोडून बसून डबे खायच्या, समोर पाऊस पडत असायचा, आणि रीमाला त्या पावसाशी काही देणंघेणं नसायचं. कुठली खिडकी लावायची नाही, कुठली उघडायची नाही.

संध्याकाळी नामाचा फोन यायचा. तब्येतीचं ती विचारायची, लाकडाचं तो विचारायचा. खिडक्या उघडल्या होत्या का? हो मामा. झड आली तेव्हा लावली? हो. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, आणि त्या माणसाशी आयुष्यात ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. पण लाकूड सुरक्षित आहे, मग खोटं तरी कसलं, असं ती मनाला समजवायची.

एका रविवारी ती केर काढायला पुढच्या खोलीत गेली आणि थांबली. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसत होते. तिने बोटाने एक पुसायला बघितला, तो पुसला जाईना. तो आतल्या बाजूला होता. तिने खिडकी उघडून उजेडात पाहिलं. सगळी थप्पी आतून घामेजली होती. थेंब जमून ओघळत होते, खालच्या घडीत पाणी साचलं होतं. छत कुठे गळत नव्हतं. बाहेरून एक थेंब आलेला नव्हता. हे पाणी लाकडाच्या पोटातलं होतं, ते बाहेर पडू बघत होतं आणि त्याला वाट नव्हती.

रीमाला तेव्हा एका क्षणात सगळं कळलं. खिडक्या का, पट्ट्या का, भिंतीपासून दूर का. पुढे काय होणार हेही कळलं. हातात केरसुणी होती, स्वयंपाकघरात सुरी होती. चार कापांचं काम होतं.

तिने विचार केला तो असा: हे कापलं तर खिडक्या उघडाव्या लागतील. खिडक्या उघडल्या तर घरी राहावं लागेल. उद्याची बस जाईल. आणि हे लाकूड वाळत राहील, या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि मी त्या पत्र्याच्या भिंतीआड वाट बघत राहीन. आणि नाही कापलं तर? तर गणपतीपर्यंत हे नासेल. नासलं की घर नाही, घर नाही की वाट बघणं नाही. उद्या नसलं, तर परवा अंजूरफाट्याला.

तिने पश्चिमेची खिडकी परत लावून घेतली आणि पूर्वेची कडी नीट बसली आहे ना ते ओढून बघितलं. मग उरलेला केर काढला.

कोणी तिला दुष्ट म्हणेल, म्हणो. दुष्टपणा करायला माणूस आधी मोकळा असावा लागतो. मात्र ती सुखात होती असंही नाही. नामाचा फोन आला की ती आधी तो वाजू द्यायची, मग उचलायची. वास कसा येतोय, त्याने एकदा विचारलं. फोन कानाला तसाच धरून ती पुढच्या खोलीत गेली, प्लास्टिकच्या एका सांध्याला नाक लावलं. जुन्या ताकासारखा आंबूस वास आला. "गोड येतोय, मामा," ती म्हणाली. पलीकडे म्हातारा समाधानाने हसला आणि गुणाबाईला मोठ्याने सांगायला लागला की पोरीने लाकूड कसं राखलंय बघ. रीमाने फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. विशालला तिने काही सांगितलं नाही. त्या खोलीत तो जायचाच नाही.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा म्हातारा-म्हातारी रिक्षाने घरी आली. तो रविवार होता, विशाल घरीच होता. नामा वाळला होता, पोटाला पट्टा बांधून हळू चालत होता. पाणीसुद्धा न पिता तो पुढच्या खोलीकडे वळला. दाराशीच थबकला.

"ह्या कोनी केला?"

विशाल पुढे झाला. मीच केलं, म्हणाला. धूळ बसत होती, शिवाय झडीची भीती, म्हणून रॅप मारलं. नामाने खुंटीवरचा कोयता घेतला आणि थप्पीच्या एका कोपऱ्यातून वरून खालपर्यंत चीर दिली. आतून पाणी भळकन पायांवर आलं आणि पाठोपाठ वास. गुणाबाईने पदर नाकाला लावला. विशालने प्लास्टिक ओढून ओढून काढलं तशा फळ्या उघड्या पडत गेल्या: वर करडी, पांढरी लव, मधे काळेनिळे डाग, पट्ट्या ज्या जागी टेकल्या होत्या तिथे काळ्या रेघा. ऐनाचे दोन दांडे तर वाकून धनुष्य झाले होते. नखाने दाबलं तर वरचा पापुद्रा हातात आला.

नामा खाली बसला. डॉक्टरांनी असं बसू नको म्हणून सांगितलं होतं, पण कोणाला आठवलं नाही. त्याने एका फळीवर हात ठेवला आणि फिरवत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. रीमाचं काळीज तुटलं. खरंच तुटलं, हा माणूस तिला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. आणि त्याच वेळी, त्याच काळजात, काहीतरी उडी मारून बसलं होतं आणि म्हणत होतं, आता म्हण. गेलं म्हण.

"गेला का सगला?" गुणाबाईने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती की आणखी काही, ते रीमाला कळलं नाही.

नामाने रंधा मागितला. विशालने आणून दिला, पण म्हाताऱ्याला जोर लावता येईना, म्हणून विशालनेच सागाच्या एका फळीवर तो चालवला. पहिली साल काळी निघाली. दुसरी करडी. तिसरीला फळी सोनेरी झाली, आणि त्या कुबट खोलीत सागाचा वास पसरला. नामाने वाकून तिथे नाक टेकवलं. विशालला दुसरी फळी घ्यायला सांगितलं, मग तिसरी. सालीजवळचं पांढरं लाकूड होतं तेवढं बाद झालं होतं. आत सगळीकडे सोनं.

"गाभ्याला काय झाला न्हाय," नामा म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. "साग हाय तो. असा जात न्हाय."

मग त्याला उत्साह चढला. ऐनाचे दोन दांडे जळणात, बाकी सगळं घासून, तासून पुन्हा रचायचं. पट्ट्या सगळ्या नव्या घ्यायच्या, जुन्यांना बुरशी आहे. आता पोटात पाणी परत मुरलंय, त्यामुळे वाळवणं पहिल्यापासून. दोन उन्हाळे तरी जातील, तीन म्हणा. पण होईल. विशाल म्हणाला, काय हरकत नाही बाबा, एवढी वर्षं थांबलो तिथे आणखी दोन-तीन. गुणाबाई उठून चहाला गेली.

रीमा भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला एकच कळत होतं, की आता गप्प राहिलं तर जन्मभर गप्प राहावं लागेल. निदान यांना राग येऊ दे. निदान मला घराबाहेर काढू दे.

"मामा, मी मुद्दाम केलं."

नामाने वर बघितलं.

"आत पाणी जमलेलं मी बघितलं होतं. जुलैतच. मला कळलं होतं ते कशाचं आहे. मी कापलं नाही. खिडक्या लावून घेतल्या आणि गोदामात कामावर जात राहिले. तुम्हाला फोनवर सांगितलं ते सगळं खोटं होतं. हे नासावं असं मला वाटत होतं."

हातातला रंधा खाली ठेवायचंही विशालला सुचलं नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

नामाने जरा विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. होती ती माया, आणि ती बघून रीमाला धडकी भरली.

"न्हाय गो पोरी," तो म्हणाला. "मुद्दाम करनारा असा तोंडानं सांगतं काय? चूक झाली ती लागली तुझ्या जिवाला. मना म्हाईत हाय. परका असता तर विशालवर ढकलून मोकला झाला असता. तू सांगितलंस, कारन तू घरची हाईस."

"मामा, खरंच..."

"मी आता खिडकीला हात लावू शकत न्हाय, डॉक्टर न्हाय म्हनतं. विशाल ह्यो असा. आता ह्या लाकूड तुझा. तुझ्यासारखा कोनी राखनार न्हाय."

विशाल हसला, म्हणाला, बघ, उगाच घाबरलीस. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्याने सांगितलं की ती आता येणार नाही हे कामावर तो स्वतः कळवेल, तिला बोलायची गरज नाही. हे तो तिला मदत म्हणून सांगत होता. रीमाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गुणाबाई तिथे उभी होती, हातात चहाची गाळणी. तिने रीमाकडे नीट, बराच वेळ बघितलं. या घरात रीमाचं खरं मानणारं एक माणूस होतं, आणि ते मान खाली घालून चहा गाळायला आत गेलं.

थप्पी रचायला गणपतीच्या आधीचा सगळा आठवडा गेला. नामा खुर्चीत बसून सांगायचा आणि रीमा पट्ट्या लावायची, एकीवर एक. तिसऱ्या दिवसापासून तो सांगेनासा झाला कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचा हात बसला होता. शेजारीपाजारी बघायला यायचे तेव्हा तो कौतुकाने दाखवायचा, ही सगळी रीमाने रचलीय.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी पाऊस उघडला होता. नाक्याकडून बसचा हॉर्न ऐकू आला, दोनदा. ड्रायव्हरला अजून कोणी सांगितलं नसावं. रीमा पुढच्या खोलीत उभी होती. तिने फळीला नाक लावून वास घेतला. मग वारा कुठून आहे ते बघितलं, तो पूर्वेकडून होता, म्हणून तिने आधी पूर्वेची खिडकी उघडली.